वजन उतरवायचे तर नाडी मोजून चाला



या पानावर मी दरवेळी लागण, बेणे, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय उसाचा नाही, उसाच्या मालकाचा आहे. मालकाचे वजन वाढत चालले आहे. त्यात मीही आलो, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचेच सांगतो.

माझे वय ४६. डिप्लोमा करून शेतकी खात्यात लागलो तेव्हा मोटारसायकल घ्यायला पैसे नव्हते. सायकल बांधाला टेकवायची आणि फडात चालत शिरायचे. पुढे गाडी आली, पगार वाढला, पोटही वाढले. दोन वर्षांपूर्वी तपासणी केली तर वजन ८६ किलो आणि कंबर ४० इंच. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच) आणि बाईमाणसाची ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) याच्यावर गेली की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे डॉक्टरांनी सांगितले. औषध लिहून दिले नाही. रोज चाला म्हणाले.

"साहेब, आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कशाला पायजे व्यायाम?" हे वाक्य मी गावोगाव ऐकतो. मलाही तसेच वाटत होते. मुलाने नाडी दाखवणारे घड्याळ आणून दिले, ते आठवडाभर हातात ठेवून गटात हिंडलो. दिवसभरात तेरा-चौदा प्लॉट बघायचो. बसल्या जागी नाडी ८२, आणि हे सगळे हिंडून ती ९० च्या वर क्वचित गेली. म्हणजे हिंडत होती गाडी, मी तिच्यावर नुसता बसलो होतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आता हेच झाले आहे. पाणी ठिबकने जाते, नांगरट ट्रॅक्टरने होते, मोटर घरबसल्या चालू होते. भांगलणाऱ्या बायका आणि ऊसतोडीची टोळी यांना मात्र हा लेख लागू नाही. तो वाचून ते हसतील, आणि त्यांचे बरोबरच आहे.

आता नाडीच का मोजायची? तोडणीआधी ऊस किती महिन्यांचा झाला हे आपण बघतो, पण तेवढ्यावर थांबत नाही, ब्रिक्स घेतो. चालण्याचेही तसेच आहे. "दोन किलोमीटर चाललो" हे झाले उसाचे वय. त्याच दोन किलोमीटरला एकाची फेरी होते आणि दुसऱ्याला धाप लागते. शरीराला किती श्रम पडले, याचा अंदाज नाडी देते.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ वापरले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. मनगटावर आकडा दिसण्याची सोय फिनलंडमधली. तिथल्या औलू शहरातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंसाठी त्यावर काम केले, १९७७ मध्ये कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीला पट्टा, मनगटाला घड्याळ असे बिनतारी यंत्र बाजारात आणले. आजची घड्याळे कातडीवर हिरवा उजेड टाकून रक्ताची ये-जा टिपतात. पट्टा सैल असला किंवा मूठ घट्ट आवळलेली असली की त्यांचा आकडा चुकतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

पण घड्याळ नसले तरी अडत नाही. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटे ठेवावीत. दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवू नये, त्याला स्वतःचे ठोके असतात. पंधरा सेकंद ठोके मोजून चाराने गुणावे. चालताना मोजायचे तर थांबल्याबरोबर मोजावे, कारण नाडी लगेच उतरायला लागते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मोजलेली ती विश्रांतीची नाडी. ती डायरीत लिहून ठेवावी.

किती नाडीवर चालायचे? सोपा हिशेब असा, की २२० मधून वय वजा करायचे. माझे आले १७४. ही झाली कमाल नाडी. तिच्या ५० ते ७० टक्के हा मध्यम श्रम, म्हणजे मला ८७ ते १२२. पण यात एक गोम आहे. माझी बसल्या जागीच ८२ होती, मग ८७ ला कसला व्यायाम? फिनलंडच्याच कार्व्होनेन यांच्या १९५७ च्या अभ्यासातून आलेली रीत इथे उपयोगी पडते. कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा करायची (१७४ वजा ८२, उरले ९२), त्याचे ४० ते ६० टक्के काढायचे आणि ते विश्रांतीच्या नाडीत मिळवायचे. माझे आले ११९ ते १३७. मी सुरुवात ११० ला केली आणि दोन महिन्यांनी १२० च्या पुढे गेलो. २२० चा हिशेबही ढोबळच आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

आता माझी चूक सांगतो. मी पहाटे कालव्याच्या रस्त्याने झपझप चालायला लागलो तेव्हा गटातले एक जुने सभासद, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, बांधावरून ओरडले, "काय ओ साहेब, कुणी मागं लागलंय का?" दुसऱ्या आठवड्यापासून तेही सोबत यायला लागले. त्यांचे वय ६३. मी मोठ्या ऐटीत हिशेब करून दिला, "२२० वजा ६३, म्हणजे १५७. त्याचे ७० टक्के ११०. अण्णा, ११० पर्यंत जायचं." लेकाने त्यांनाही घड्याळ घेऊन दिले. अण्णांचा आकडा काही केल्या ९५ च्या पुढे जाईना. मी म्हणालो, जरा जोर लावा. त्यांनी लावला. एका सकाळी मी नसताना ते देवळाचा चढ तीनदा चढले आणि छातीत आवळल्यासारखे होऊन पायरीवर बसले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, दोन दिवस ठेवून घेतले. नशिबाने मोठे काही निघाले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारले, "यांना रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, हे विचारलं होतं का?" मी विचारले नव्हते. अण्णांना ॲटेनोलॉल चालू होती. मेटोप्रोलॉलही त्याच जातीची. या गोळ्या नाडी मुद्दाम खाली धरून ठेवतात. अशा माणसाने २२० च्या हिशेबाने आकडा गाठायचा प्रयत्न केला तर श्रम फार होतात आणि आकडा मात्र दिसत नाही. मातीपरीक्षण केल्याशिवाय खताचा डोस सांगू नये असे मी पंधरा वर्षे सांगत आलो, आणि इथे मात्र न विचारता डोस सांगून बसलो.

तेव्हा ज्यांना रक्तदाबाची, हृदयाची किंवा मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी गोळ्यांचे पाकीट घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे. चालताना छातीत दाटले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, गरगरले, तर घड्याळ काहीही दाखवो, तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

आता वजनाचे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. माझ्या वजनाचा माणूस तासभर झपझप चालला तर ३५० च्या आसपास खर्च होतात. त्यातल्या ८० तरी नुसते बसूनही गेल्याच असत्या. राहिल्या २७०. म्हणजे रोज तासभर चालून एक किलो उतरायला महिना जातो, तोही खाणे वाढले नाही तर. चालून आल्यावर स्टँडवर एक वडापाव खाल्ला की हिशेब जिथल्या तिथे. घड्याळात 'चरबी जळण्याचा टप्पा' म्हणून हलक्या श्रमाची पट्टी दाखवतात, तिच्यावरही फार विसंबू नये. हलक्या श्रमात चरबीचा वाटा जास्त असतो हे खरे, पण एकूण खर्चच कमी असतो. वजन एकूण जमा-खर्चावर ठरते. घड्याळ किती कॅलरी गेल्या हेही सांगते. तो आकडा नाडीच्या आकड्याइतका खात्रीचा नसतो.

साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा असे लिहिले तर चेअरमनसाहेब काय म्हणतील कोण जाणे. पण दिवसात पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे धरले तर २०० कॅलरी होतात. सभासद साखर पूर्ण उचला, खा मात्र बेताने. मी चहा दोनावर आणला, रात्रीचा भात निम्मा केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. मी आठवड्यात सहा दिवस पाऊण तास चालतो. हंगाम सुरू झाला की दोन-तीन दिवस बुडतात. चौदा महिन्यांत वजन ७९ वर आले. अजून बरेच बाकी आहे, पण सकाळची नाडी ८२ वरून ७० झाली, तिचे मला जास्त समाधान वाटते.

अण्णा महिन्याभराने पुन्हा यायला लागले. घड्याळ त्यांनी नातवाला देऊन टाकले. डॉक्टरांनी त्यांना साधी खूण सांगितली आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. म्हणून कालव्याच्या पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ते माझ्याशी त्यांच्या खोडव्याबद्दल बोलत चालतात. मधेच एखादा अभंग धरून बघतात. तो नीट म्हणता आला तर म्हणतात, "साहेब, जरा उचला पाय."