कमिटचा हक्क: सायकिट-लर्नचे उदाहरण

कमिट अ‍ॅक्सेस म्हणजे प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये बदल सामील करण्याची परवानगी. कोड वाचायला, वापरायला किंवा सुधारणा सुचवायला ती लागत नाही.

• प्रकल्प: पायथनमधील मशीन लर्निंगची लायब्ररी. सुरुवात २००७, गूगल समर ऑफ कोडमधून. पहिली जाहीर आवृत्ती २०१०, फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने.

• नवख्याची वाट: स्वतःच्या प्रतीत बदल करून 'पुल रिक्वेस्ट' (तो बदल सामील करण्याची विनंती) पाठवायची. कोडमधील बदलाला दोन मुख्य सदस्यांची संमती हवी. मजकुरातील किरकोळ दुरुस्तीला एकाची पुरते, म्हणून पहिले पाऊल टाकायला ती सोयीची.

• मुख्य सदस्याची निवड: सध्याच्या मुख्य सदस्यांपैकी कोणीतरी नाव सुचवावे लागते. मग मतदान, किमान एक आठवडा खुले. पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश पुरतात.

• महत्त्वाचा फरक: मुख्य सदस्य होण्यासाठी कोडच लिहायला हवा असे नाही. दस्तऐवज, संपर्क आणि नव्या योगदात्यांना मदत करणारे गटही आहेत. मताचा अधिकार सर्वांना सारखा. बदल सामील करण्याचे काम मात्र 'मेंटेनर' गटाचे.

• सदस्यत्वाची मुदत: ठरावीक नाही. १२ महिने योगदान नसल्यास 'इमेरिटस' (मानद निवृत्त सदस्य) होण्याविषयी विचारणा होते.