शेजारचे क्रमांक

वेरूळला राहणाऱ्या माणसाला वस्तूंची वये विचारण्याची सवय लागते. लेणे कोणी खोदले, केव्हा खोदले, हे प्रश्न येथे चहाच्या टपरीवरही निघतात. मला तीच सवय ट्रॅक्टरांच्या बाबतीत लागली. माझ्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली १९७२ साली नोंदलेला एक ‘इंटरनॅशनल बी-२७५’ उभा आहे. कन्नडच्या बाजूला एका गावी त्याच बनावटीचा दुसरा आढळला. दोघांच्या अनुक्रमांकांत फरक अवघा सातचा. जुने ट्रॅक्टर जमवणाऱ्यांत अशा जोडीला मोठा मान असतो. तो कशासाठी, आणि या सातच्या फरकातून नेमके काय कळते, हे मला शोधायचे होते.

अनुक्रमांक म्हणजे कारखान्याने यंत्राला दिलेला जन्मक्रम. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन ‘टीई-२०’ या ट्रॅक्टरावरून ही पद्धत चांगली समजते. असे ५ लाख १७ हजारांहून अधिक ट्रॅक्टर तेथे बनले. डिझेलवर चालणाऱ्याच्या पाटीवर ‘टीईएफ’, पेट्रोलवर चालणाऱ्याच्या पाटीवर ‘टीईए’ अशी अक्षरे असत. आकड्यांची माळ मात्र सर्वांची मिळून एकच होती. त्यामुळे लागोपाठच्या दोन क्रमांकांतला एक पेट्रोलचा आणि दुसरा डिझेलचा असू शकतो. आकडे शेजारी आले म्हणून यंत्रे जुळी ठरत नाहीत. अमेरिकेत जॉन डीअरच्या जुन्या दोन-सिलिंडर ट्रॅक्टरांच्या कारखान्यातील नोंदी जपलेल्या आहेत. कोणता क्रमांक कोणत्या गावी रवाना झाला, हे त्यांवरून सांगता येते. तेथील संग्राहक लागोपाठचे क्रमांक शोधतो, तेव्हा एका अर्थी तो एकाच घाण्यातून निघून एकाच वाटेने गेलेली यंत्रे शोधत असतो.

आपल्याकडे ही वाट निराळी होती. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर, आयशर, १९५९ मध्ये फरिदाबादहून बाहेर पडला. महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ मध्ये ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ काढली. बी-२७५ हे तिचे अपत्य. मागणी फार आणि ट्रॅक्टर थोडे, अशी ती वर्षे होती. झेटर, उर्सुस, बेलारूस असे पूर्व युरोपातले ट्रॅक्टर आयात होत आणि राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत वाटले जात. महाराष्ट्राचे असे महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले. पुढे १९७१ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅक्टरांच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. म्हणजे माझा ट्रॅक्टर नोंदला गेला तो काळ रांगेचा होता. पैसे हाती असले तरी पाळी यावी लागे. अशा काळात एका भागात शेजारचे दोन क्रमांक सापडले, तर ती माणसेही रांगेत मागेपुढे उभी होती का, असा प्रश्न साहजिकच पडतो.

पण त्याआधी, पाटीवरचा क्रमांक खरोखर त्या ट्रॅक्टराचाच आहे का, हे पाहावे लागते. बहुतेक ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या आसाचा भाग एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्यांचा कणा. त्यामुळे दोन मोडक्या ट्रॅक्टरांतून एक चालता करणे मिस्त्रीला सहज जमते. यात खोटेपणा कसलाच नाही. पेरणी अडली असताना पूर्वजांचा विचार कोण करतो? मात्र पाटी एकाची, इंजिन दुसऱ्याचे आणि कागद तिसऱ्याचे, अशी गत होऊ शकते. म्हणून पाटीवरचा क्रमांक, इंजिनवर ठोकलेला क्रमांक आणि आरसी बुकातले दोन्ही क्रमांक ताडून पाहायचे. माझ्या ट्रॅक्टराचे सगळे जुळले. कन्नडकडच्या ट्रॅक्टराची पाटी जुळली, इंजिन जुळले नाही. ते मागे केव्हातरी बदललेले होते.

तेथेच माझ्यातल्या संग्राहकाचा उत्साह ओसरला आणि शोध करणारा जागा झाला. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे, हे आपण कशावरून म्हणतो? त्याचा मोठा आधार बडोद्याला मिळालेला, शके ७३४ मधला कर्क सुवर्णवर्षाचा ताम्रपट आहे. एलापुरातील कृष्णराजाच्या देवालयाचे वर्णन त्यात येते. वस्तू एके जागी, तिची साक्ष भलतीकडेच. ट्रॅक्टराची साक्षही मला ट्रॅक्टरावर न मिळता तलाठ्याच्या दप्तरात मिळाली. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला की जमिनीवर बोजा चढे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तो दिसतो आणि गाव नमुना सहामध्ये त्याचा फेरफार असतो. दोन्ही गावांचे फेरफार काढले. बोजा दोन्हीकडे भूविकास बँकेचा निघाला, महिनाही तोच. दोन घरांनी एकाच महिन्यात जमीन गहाण टाकली आणि सात क्रमांकांच्या अंतराने ट्रॅक्टर आणले. बदललेल्या इंजिनाने या गोष्टीला काहीच बाध येत नाही.

कन्नडकडचे ट्रॅक्टरमालक आता थकले आहेत. बोजा उतरायला किती वर्षे लागली, हे काका मला सांगत होते. क्रमांकाचे त्यांना काही विशेष वाटले नाही. माझ्याआधी एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे येऊन गेले होते. त्याला ट्रॅक्टर नको होता, फक्त पाटी हवी होती. दुसऱ्या धडावर बसवली की जोडी पूर्ण झाली! क्रमांकांच्या हौसेतला खरा धोका हाच. पाटी निघाली की मागे उरते ते भंगार. आणि नव्या धडावर बसलेली पाटी त्या घराबद्दल, त्या कर्जाबद्दल काहीच बोलत नाही.

कायद्याचाही येथे आधार नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळू लागला. पण त्या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी आहेत, ट्रॅक्टर नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते. ज्याच्यासाठी शेत गहाण पडले, तो ट्रॅक्टर किलोच्या भावाने जातो.

मी काकांचा ट्रॅक्टर विकत घेतला नाही. तो माझ्या पत्र्याखाली आला असता, तर जोडी दिसली असती आणि तो कोणत्या गावाचा, हे पुसले गेले असते. आरटीओत तपासणीच्या वेळी कागद ठेवून वर पेन्सिल घासतात, तसा त्या क्रमांकाचा छाप घेतला. शिलालेखाचा ठसा घेणारेही याहून वेगळे काय करतात? छापाखाली गावाचे नाव, फेरफाराचा क्रमांक, तारीख आणि बदललेल्या इंजिनाचा क्रमांक लिहिला. माझ्या ट्रॅक्टराचाही तसाच कागद केला आणि दोन्ही एका वहीत समोरासमोर चिकटवले.

सातचा फरक म्हणजे मध्ये आणखी सहा ट्रॅक्टर. त्यांच्यासाठी वहीत सहा पाने कोरी सोडली आहेत. भंगारवाला दारात येण्याआधी एखाद्या घरी जाता आले, तर त्यातले एक भरेल.