पाण्यावर तरंगणारी तेरची वीट

सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी तेर वसले आहे. वारकऱ्यांसाठी ते गोरोबाकाकांचे गाव. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली, भडोच बंदराला कापड पाठवणारी ‘तगर’ नगरी येते, ती हीच. या गावच्या काही जुन्या विटा पाण्यात सोडल्या की चक्क तरंगतात!

भाजलेली माती तर पाण्याहून जड. मग वीट तरंगते कशी? याचे उत्तर सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात देऊन ठेवले आहे. मुकुटाची आणि ‘युरेका’ची गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहिली; आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांत ती नाही. मला त्याहून कितीतरी मोलाचा वाटतो तो त्याचा तरंगत्या वस्तूंवरचा ग्रंथ. द्रवाहून हलकी वस्तू कुठवर बुडते, हे तो त्यात सिद्ध करतो: तिने बाजूला सारलेल्या द्रवाचे वजन तिच्या वजनाइतके होईपर्यंत.

समजा, एक वीट 3 लिटर जागा व्यापते आणि तिचे वजन 2 किलो आहे. 2 लिटर पाणी बाजूला सारताच तिचा भार पेलला जातो; दोन तृतीयांश वीट पाण्यात, उरलेली वर. तेवढ्याच आकाराची नेहमीची वीट पाच किलोंच्या आसपास भरते. ती पूर्ण बुडाली तरी तिला 3 किलोंचाच आधार मिळतो, म्हणून ती तळ गाठते.

थोडक्या मातीने जास्त जागा व्यापायची, हे यातले कसब. मातीत भाताचे तूस कालवून वीट भाजली की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात. भाजलेल्या मातीचा कण पाण्याच्या अडीचपटीहून जडच असतो, त्यामुळे वीट तरंगायला तिचा सुमारे 60 टक्के भाग पोकळ हवा. शिवाय पाणी त्या पोकळ्यांत झिरपता कामा नये, नाहीतर वीट हळूहळू जड होऊन बुडेल. इतकी पोकळ वीट भट्टीत न तडकता शाबूत निघावी, यासाठी त्या कारागिरांचा हात आणि विस्तवाची जाण केवढी असेल!

बांधकामातही हलक्या विटेचा मोठा उपयोग. ती वर छताला वापरली की खालच्या भिंतींवरचा भार कमी होतो. तेरच्या गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिराचे विटांचे कमानदार छत पाहताना हे जरूर ध्यानात ठेवावे.