माड नदीकडे का वाकतो?



तेरेखोल नदीच्या काठाने जाताना पाण्यावर ओणवलेला एखादा माड दिसतोच. पाण्याच्या ओढीने तो वाकला, असे म्हणतात. कुठे काठ खचूनही माड कलतो. पण बहुधा कारण उजेडाचे असते. आतल्या बाजूला झाडांची दाटी, नदीकडे मोकळे आभाळ.

झाडाला चालता येत नाही. वळायचे तर वाढूनच वळावे लागते. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 साली गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या. ते कोंब उजेडाकडे वळले नाहीत. उजेड ओळखते ते टोक. टोकातून ‘ऑक्सिन’ नावाचे द्रव्य खाली उतरते, सावलीच्या बाजूला अधिक जमते, ती बाजू जास्त लांबते आणि कोंब उजेडाकडे झुकतो.

मुळाचे काम वेगळे. त्याच्या टोकाशी पिठूळ कण असतात. मूळ आडवे झाले की ते कण खालच्या बाजूला जाऊन बसतात व मुळाला खालची दिशा कळते. मोड आलेली चवळी ओल्या फडक्यावर आडवी ठेवून पाहा. दोन दिवसांत मूळ खाली वळेल. (खाडीतल्या तिवराची श्वासमुळे मात्र चिखलातून वर येतात, कारण चिखलात हवा नसते.)

काजूची बी पेरताना म्हणूनच देठाकडची बाजू वर ठेवावी. उलटी पडली तरी ती उगवेल, पण मूळ व कोंब दोघांनाही वळसा घ्यावा लागतो आणि रोपाची मान वाकडी होते.

माडाच्या बाबतीत आम्हीही चुकलो आहोत. जागा वाचवण्याच्या लोभाने आम्ही पंधरा फुटांवर रोपे लावली. मधली उंच आणि किडकिडीत झाली, कडेची बाहेर झुकली. माडाच्या खोडाला आंब्यासारखी वर्षानुवर्षे जाडी चढत नाही, त्यामुळे जुना वाक कायम राहतो. शेंडा तेवढा पुन्हा वर वळतो. पंचवीस फुटांचे अंतर ठेवले असते तर ही पाळी आली नसती.

आता भाताचे. कापणीआधीच्या पावसाने उभे पीक आडवे होते तेव्हा जीव हळहळतो. अशा वेळी कांड्याच्या गाठी चाचपून पाहाव्यात. त्या हिरव्या व कोवळ्या असतील तर गाठीची खालची बाजू जास्त वाढते आणि काही दिवसांत लोंबीकडचा भाग वर उचलला जातो. तोवर शेत तुडवू नये, चर काढून पाणी बाहेर सोडावे. कांडे पिवळे पडून वाळू लागले असेल तर मात्र गाठ पुन्हा वाढत नाही. मग वाट पाहण्यात अर्थ नाही; उघडीप मिळताच कापून घ्यावे, नाहीतर ओल्या मातीला टेकलेल्या लोंबीतच दाण्यांना मोड येतात.