पाय बसण्याआधीचे दिवस

गँगरीनमुळे किंवा अपघातात पाय काढावा लागला, की घरचे विचारतात, "जयपूर फूट कधी बसणार?" टाके निघतात, पेशंट दिंद्रुड गावी घरी येतो आणि सगळे पाय बसवण्याच्या शिबिराची वाट बघत बसतात. खरे नुकसान या वाट बघण्यात होते.

दुखतंय म्हणून मायेने गुडघ्याखाली उशी सरकवली जाते. वाकलेल्या स्थितीत राहिलेला गुडघा काही आठवड्यांत आखडतो. मग कितीही भारी पाय आणा, त्यावर नीट उभे राहता येत नाही. उशी काढायची, गुडघा सरळ ठेवायचा, दिवसातून थोडा वेळ पालथे झोपायचे म्हणजे मांडीचा सांधाही आखडत नाही. कापलेल्या पायाच्या उरलेल्या खुंटावर क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके गुंडाळायचे, टोकाशी घट्ट आणि वर सैल. उलटे झाले तर सूज टोकातच कोंडते. सैल पडले की सोडून पुन्हा बांधायचे. हे घरातल्या एकाला तरी दवाखान्यातून निघण्यापूर्वी हाताने करून दाखवलेच पाहिजे.

एवढा खटाटोप सॉकेटसाठी, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत खुंट बसतो तिच्यासाठी. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचे वजन कापलेल्या हाडाच्या टोकावर टाकून चालत नाही. ते मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर आणि बाजूच्या मांसल भागावर पेलायचे असते. सूज उतरण्याआधी माप घेतले, तर सॉकेट लवकरच ढिले होते. पहिल्या वर्षात खुंट बारीक होतच राहतो. आधी खुंटावरचे मोजे वाढवायचे, मग सॉकेट बदलायचे.

नसलेल्या पायाची बोटे दुखतात, असे पेशंट सांगतो तेव्हा त्याला वेड्यात काढू नका. मेंदूत त्या पायाचा नकाशा शाबूत असतो. ती वेदना खरी असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाअखेर घडवलेले रबरी पाऊल, म्हणजेच जयपूर फूट, आपल्या शेतकऱ्याला मानवते, कारण ते घोट्यात वाकते, बुटाशिवाय चालते आणि चिखलपाण्याला दबत नाही. पण ताकद माणसाचीच लागते: गुडघ्याखाली कापलेल्याला चालताना साधारण २५ ते ४० टक्के जास्त, मांडीतून कापलेल्याला त्याहून बरीच अधिक. म्हणून उरलेल्या पायाचा आणि दंडांचा व्यायाम पहिल्या आठवड्यापासून हवा. पुण्यात १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसन संस्था आहे. दिंद्रुडहून दोन्ही लांब. तेवढ्या लांब जाऊन आखडलेला गुडघा घेऊन परत येण्याची पाळी कुणावर येऊ नये.

पाय बसल्यावर रोज रात्री तो काढून आरशात खुंट बघावा. लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही, तर पाय घालणे थांबवून सॉकेट दुरुस्त करून घ्यावे. मधुमेह असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या पायाचा तळवाही बघावा.