मुक्त ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने व स्वयंअध्ययन

विद्यापीठातील व्याख्यान वर्गाबाहेरील जिज्ञासूसही विनामूल्य उपलब्ध व्हावे, या हेतूने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये 'ओपनकोर्सवेअर' हा उपक्रम जाहीर केला. भारतात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून 'एनपीटीईएल' प्रकल्पाद्वारे हेच कार्य हाती घेतले.

प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील १९९९ मधील व्याख्याने आजही ऐकली जातात. फळा व खडू याखेरीज त्यांत फारसे काही नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी निवेदनाचा वेग जड जातो. येथे मात्र तो व्याख्यान थांबवू शकतो, तेच वाक्य चार वेळा ऐकू शकतो. प्रत्यक्ष वर्गात असे विचारण्याचा संकोच वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

तथापि याच सोयीत एक फसगत दडलेली आहे. फळ्यावर सुटत जाणारे उदाहरण पाहताना ते आपणासही समजले असे वाटते. पुढचे मॅट्रिक्स स्वतः मांडावयास घेतले की दुसऱ्याच पायरीवर हात अडखळतो. 'ओपनकोर्सवेअर'मध्ये शंकानिरसनास प्राध्यापक नसतात आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. म्हणजे ही अडखळण श्रोत्याखेरीज कोणासही दिसत नाही. व्याख्यानांसोबत दिलेले स्वाध्याय, परीक्षापत्रिका व त्यांची उत्तरे यांचे मोल येथे कळते. श्रोता बहुधा त्यांकडे वळतच नाही. वस्तुतः उकल सुरू होण्यापूर्वीच व्याख्यान थांबवून उदाहरण वहीत सोडवावे आणि मगच पुढे ऐकावे; अशा रीतीने एका तासाचे व्याख्यान सहज तीन तास घेते.