शाल-श्रीफळाच्या पलीकडे: चांगल्या कर्मचाऱ्याचं कौतुक कसं करायचं?



"सर, माणूस शिकवून तयार केला की निघून जातो." ज्यांच्याकडे दोन-चार जण कामाला आहेत, त्यांची ही ठरलेली तक्रार. समोरच्या दुकानदाराने दीड-दोन हजार जास्त देऊ केले, की गेला. दर वेळी पगार वाढवणं तुम्हाला परवडणार नाही, हे मला माहीत आहे. मग कुणीतरी सल्ला देतं, "एम्प्लॉयी ऑफ द मंथ सुरू कर, भिंतीवर फोटो लाव." फोटो लागतो. सहा महिन्यांनी फोटो तिथंच असतो, माणूस गेलेला असतो.

मग चांगल्या कामाची दखल घ्यायची तरी कशी? हे बघायला आज आपण विद्यापीठात जाऊ. धंदा शिकायला विद्यापीठात कशाला, असं वाटेल. पण कर्मचाऱ्यांचा जाहीर गौरव करायची पद्धत तिथं चांगली रुजलेली आहे, आणि कौतुकाने कामावर काय परिणाम होतो याचे नीट मोजलेले प्रयोगही विद्यापीठांतच झालेत.

आधी आपल्याकडचं बघू. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची, पुणे विद्यापीठाची १० फेब्रुवारी १९४९ ची. अशा वर्धापनदिनाला विद्यापीठांत प्राध्यापकांबरोबर कार्यालयातल्या सेवकांचाही सत्कार होतो. स्टेजवर बोलावतात, शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र देतात. घरची माणसं समोर बसलेली असतात. यातली चांगली बाजू आधी घ्या. दिवस ठरलेला आहे, सगळ्यांसमोर होतं, आणि ज्याचं काम कुणाला दिसत नाही त्याचं नाव माइकवरून घेतलं जातं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, बरं का. परीक्षा विभागातला क्लार्क आठवा. हजारो हॉल तिकिटं वेळेत गेली, गुणपत्रिका बिनचूक छापल्या, तर त्याचं नाव कुणालाही कळत नाही. एका गुणपत्रिकेत आडनाव चुकलं, की खिडकीवर भांडण. तुमच्याकडेही असा माणूस आहे. माल उतरवून घेताना नग मोजणारा, रात्री फ्रीजरचं बटण तपासून जाणारा, उधारीची वही लिहिणारी ताई. गिऱ्हाईक काउंटरवरच्या गोड बोलणाऱ्या मुलाला ओळखतं, यांना नाही. आणि मालकही बऱ्याचदा यांना चूक झाल्यावरच हाक मारतो.

(जाता जाता सांगतो, विद्यापीठात या मंडळींना 'शिक्षकेतर' कर्मचारी म्हणतात. म्हणजे कोण नाहीत यावरून नाव! तुमच्या दुकानात 'पोऱ्या', 'हेल्पर' अशा हाका असतील तर कौतुकाची सुरुवात नावाने हाक मारण्यापासून करा. खर्च शून्य.)

आता कमजोर बाजू. सत्काराची ती मानपत्रं आठवा. 'प्रामाणिक, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष'. नाव खोडून दुसरं घातलं तरी चालेल. आणि सत्कार कुठलाही असो, टाळ्या वाजवताना मागच्या रांगेतून कुजबुज येते, "यंदा यांचा नंबर होता." पाळीपाळीने मिळणारं कौतुक हे रेशनसारखं असतं. मिळालं तर आनंद नाही, नाही मिळालं तर राग मात्र नक्की.

आता अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जाऊ. तिथं एक कॉल सेंटर होतं. माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायच्या, त्यातून गरजू मुलांना शिष्यवृत्ती द्यायची. काम कंटाळवाणं, दर दुसरा माणूस फोन ठेवून देणार. तुमच्यापैकी कुणी विमा किंवा लोन विकायला फोन केले असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं एक छोटी गोष्ट केली. शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी या फोनवाल्यांसमोर आणला. त्याने काही मिनिटांत सांगितलं, या पैशांमुळे माझं काय झालं. बस. पगार वाढवला नाही, बक्षीस नाही, फोटो नाही. महिन्याभराने मोजलं तर त्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता आणि जमलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. म्हणजे वेळ जवळजवळ अडीचपट, पैसे त्याहून जास्त. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

तुमच्या धंद्यात हे करणं विद्यापीठापेक्षा सोपं आहे. गिऱ्हाईक तुमच्या दारातच येतं ना! समजा तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. एखाद्या आजोबांचा मुलगा फोन करून म्हणतो, "ऑपरेशननंतर बाबांना फक्त तुमचंच जेवण गेलं." हा फोन तुम्ही घेता, खूश होता, आणि विषय संपतो. पोळ्या करणाऱ्या मावशींपर्यंत तो पोचतच नाही! पुढच्या वेळी फोन स्पीकरवर टाका आणि म्हणा, "दादा, एक मिनिट, ज्यांनी केलंय त्यांनाच सांगा." शिवणकाम असेल तर नवरीला ट्रायलच्या वेळी आतल्या कारागिराशी बोलू द्या. गिऱ्हाईक आपल्या कारागिराला फोडेल अशी भीती वाटते, मला ठाऊक आहे. पण ज्याला फोडायचं आहे तो तसाही नंबर मिळवतो.

मग बक्षीस द्यायचंच नाही का? द्या, पण जपून. अमेरिकेत एक मोठी लाँड्री होती, हॉटेल-हॉस्पिटलच्या चादरी धुणारी. तिथल्या व्यवस्थापनाने ठरवलं, महिनाभर जो एकदाही उशिरा येणार नाही, त्याचं नाव सोडतीत टाकायचं आणि ७५ डॉलरचं गिफ्ट कार्ड द्यायचं. ऐकायला किती छान! २०१६ साली या योजनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी पळवाटा शोधल्या होत्या. एकदा उशीर झाला की या महिन्याचं बक्षीस गेलंच, मग पुढे वेळ कशाला पाळायची? खरं नुकसान वेगळीकडेच झालं. जे आधीपासून स्वतःहून वेळेवर येत होते, मन लावून काम करत होते, त्यांची उत्पादकता ६ ते ८ टक्क्यांनी घसरली. वर्षानुवर्षं वेळेवर येणाऱ्याला काहीच नव्हतं आणि आता उशिरा येणारा सुधारला म्हणून बक्षीस, हे त्यांना लागलं असणार. तुमच्या दुकानात 'लेट येऊ नको, पाचशे देतो' अशी ऑफर कुणाला दिली असेल, तर रोज नऊला शटर उघडणारा दुसरा माणूस ते ऐकतोय, हे लक्षात ठेवा.

याच्या उलट झुरिकचा प्रयोग. विद्यार्थ्यांना ठरावीक मानधनावर एका संस्थेसाठी माहिती भरायचं काम दिलं. एका गटाला सांगितलं, चांगलं काम करणाऱ्याला अभिनंदनाचं कार्ड मिळेल, त्यावर संस्थेच्या प्रमुखांची सही असेल. पैसे एक रुपयाही जास्त नाही. तरी त्या गटाचं काम सुमारे १२ टक्क्यांनी जास्त झालं.

पण इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. कार्ड दिलं म्हणून पगार थकवायचा नाही. कायद्यात बसणाऱ्या आस्थापनांना किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो. साधारण २० किंवा जास्त माणसं असली की तुम्ही त्यात येता. तो त्यांचा हक्क आहे. मिठाईच्या बॉक्सबरोबर बोनसचं पाकीट देऊन "तुझं काम आवडलं म्हणून" असं म्हणू नका, माणसांना फरक कळतो. तीन महिने पगार वेळेवर न देता सत्कार केलात, तर तो सत्कार नसून चेष्टा आहे.

आता कार्डावर काय लिहायचं? 'कष्टाळू', 'मेहनती' हे शब्द बाजूला ठेवा. तारीख, काम आणि त्याने काय वाचलं, एवढंच. नमुना देतो, तुमच्या धंद्याप्रमाणे बदला:

"सुनीताताई, १२ तारखेला संध्याकाळी लग्नाच्या ऑर्डरमध्ये ४० डबे कमी लिहिलेत हे तुम्ही स्वतः वही तपासून सांगितलं. आपण वेळेत डबे पुरवले, पार्टीने पुढच्या महिन्याची मुंजही आपल्यालाच दिली. तुमचं लक्ष होतं म्हणून झालं."

खाली तुमची सही, हाताने केलेली. सगळे जमलेले असताना वाचून दाखवा आणि मग त्यांच्या हातात द्या, घरी नेता येईल असं. व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडल्याची इमोजी टाकून भागवू नका. आणि या महिन्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नसेल, तर कार्ड देऊ नका, पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.